वडिलांचा पलंग हलवायला सांगणाऱ्या कंपनीस

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय: दुकानात दाखवलेल्या ५५ इंची टीव्हीच्या मॉडेल नंबरखाली दुसरंच पॅनल दिल्याबद्दल आणि त्यानंतर फोनवर मिळालेल्या वागणुकीबद्दल

महोदय,

आज दुपारी तुमच्या ग्राहक सेवेच्या मॅडमनी फोन ठेवला आणि मी लगेच हे पत्र लिहायला बसलो. बिल, बॉक्सवरच्या स्टिकरचा फोटो, तक्रार क्रमांक आणि दोन व्हिडिओ सोबत जोडले आहेत. मॉडेल कोणतं, त्यात काय आहे, हे मी तुम्हाला समजावत बसणार नाही. माल तुमचाच आहे.

दुकानात मांडलेल्या टीव्हीत आयपीएस पॅनल आहे, म्हणजे बाजूने बघितलं तरी रंग टिकवणारा पडदा. माझ्या घरी आलेल्या टीव्हीत व्हीए पॅनल आहे, समोरून उत्तम पण बाजूने फिकं पडणारं. दोन्हींवर मॉडेल नंबर तोच, अगदी शेवटच्या अक्षरापर्यंत. किंमत तीच, बॉक्स तोच. माझी सगळी तक्रार या एका गोष्टीवर उभी आहे आणि ती सोडून तुमच्या लोकांनी माझ्याशी बाकी सगळ्या विषयांवर चर्चा केली.

माझ्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेला आहे. उजवी बाजू चालत नाही. त्यांचा पलंग हॉलमध्ये खिडकीखाली आहे, कारण बाथरूम तिथून जवळ आणि व्हीलचेअर वळवायला जागा फक्त तिथेच आहे. टीव्ही लावता येईल अशी भिंत एकच. पलंगावरून ती तिरकी पडते, चांगलीच तिरकी. दिवसातला बहुतेक वेळ बाबा आणि टीव्ही एवढेच त्या खोलीत असतात. बातम्या, कीर्तन, कबड्डीचे सामने. आमचा जुना ३२ इंची बंद पडला तेव्हा घरात दुसरा कुठलाही खर्च निघण्याआधी हा ठरला, तो त्यांच्यासाठी.

हातात ४० हजार होते. त्याच्या वर एक रुपया जाणार नव्हता, कारण त्याच महिन्याला फिजिओथेरपी आणि औषधं असतात. ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवर २८ टक्के जीएसटी होता तो २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के होणार हे कळल्यावर आम्ही खरेदी मुद्दाम पुढे ढकलली. करापूर्वीची किंमत ३० हजार असेल तर आधी ३८,४०० द्यावे लागत, आता ३५,४००. तुमच्यासाठी तीन हजार म्हणजे काही नसतील. आमच्या घरात त्यातूनच ४३ की ५५ हा प्रश्न सुटला. बाबांना खालची पट्टी वाचता यायला हवी होती. अंतर साधारण आठ फूट. त्या अंतराला ५५ इंच, म्हणजे १३९ सेंटिमीटरचा पडदा बरोबर बसतो, हे मी मोजून ठरवलं होतं.

त्याच पैशात ६५ इंचीसुद्धा मिळत होता. पण ज्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर साताऱ्यात नाही ती मी बाद केली. क्यूएलईडी बघितला, पण त्यातल्या क्वांटम डॉटच्या थराने रंग वाढतात, बाजूने बघण्याचा प्रश्न त्याने सुटत नाही. ओएलईडी बाजूनेही स्वच्छ दिसतो, पण त्याच्या किमतीपुढे आमचा विषयच संपतो. उरला आयपीएस. त्याच्यातली खोट मला माहीत होती. व्हीएचा काँट्रास्ट, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला फरक, आयपीएसच्या तिप्पट-चौपट असतो, अंधाऱ्या खोलीत आयपीएसचा काळा रंग राखाडी दिसतो. ज्याला दिवे घालवून समोर बसून सिनेमे बघायचे आहेत त्याने व्हीए घ्यावा. आमच्याकडे खोलीत दिवसभर उजेड असतो आणि बघणारा माणूस बाजूला झोपलेला असतो. आम्हाला आयपीएसच हवा होता. आम्ही तो निवडून घेतला होता.

निवडून म्हणजे कसा, तेही सांगतो. दुकानात मी सेल्समनला भडक मोड बंद करून साधा मोड लावायला सांगितला आणि बातम्यांचं चॅनेल लावून घेतलं. मग बाजूच्या फ्रिजच्या रांगेत जाऊन उभा राहिलो, घरी पलंग जितका तिरका आहे साधारण तितक्याच तिरक्या जागी. निवेदिकेच्या पिवळ्या साडीचा पिवळा तसाच होता. चेहरा चेहऱ्यासारखा होता. खाली वाकून पुन्हा बघितलं, कारण बाबा उशीवरून बघणार. तरीही रंग हलले नाहीत. तेव्हा मी पैसे भरले.

घरी टीव्ही लागला. समोरून चित्र उत्तम, तक्रारीला जागा नाही. मी पलंगाच्या कडेला बसलो आणि बघतो तर चेहरे पांढरट, लाल रंग विटल्यासारखा आणि काळ्या भागावर राखाडी साय. बाबांना बोलायला त्रास होतो, त्यांनी दोनच शब्द उच्चारले: "धुकं आलंय." मला वाटलं सेटिंगचा घोळ असेल. सगळं करून पाहिलं. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन तोच मोड लावून तिथल्या टीव्हीचा बाजूने व्हिडिओ काढला, घरी येऊन पलंगावरून काढला. दोन्ही तुम्हाला पाठवले आहेत. कोणीही शेजारी शेजारी लावून बघावेत.

तुमचा तंत्रज्ञ आला. तो मुलगा चांगला होता. त्याने स्वतः पलंगावर टेकून बघितलं, सर्व्हिस मेनू उघडला आणि म्हणाला, "सर, या बॅचला दुसरं पॅनल आलंय. माझ्या हातात काही नाही." त्याने खरं सांगितलं म्हणून त्याच्यावर कारवाई झालेली मला चालणार नाही. पण तो बाहेर पडताच माझ्या फोनवर मेसेज आला की आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढण्यात आली आहे. कोणाचं समाधान झालं? माझं झालं नाही, बाबांचं झालं नाही.

आता आजचा फोन. तो मी जसाच्या तसा लिहितो, कारण या पत्राचं खरं कारण तो आहे.

मी मॅडमना मॉडेल नंबर सांगितला, दोन पॅनलचा फरक सांगितला. त्या म्हणाल्या, "सर, माहितीपत्रकात पाहण्याचा कोन १७८ अंश दिलेला आहे, तुमच्या टीव्हीचाही तेवढाच आहे." मी म्हणालो, मॅडम, तो आकडा दोन्ही प्रकारच्या पॅनलवर लिहितात. काँट्रास्ट १०:१ पर्यंत घसरेपर्यंतचा कोन मोजून तो आकडा काढतात. समोरून ४०००:१ असलेलं चित्र बाजूने पार धुऊन निघालं तरी त्या हिशेबात ते 'दिसतंय'. त्यावर त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही तांत्रिक बाबींत जाऊ नका."

का जाऊ नये? तुमच्या बॉक्सवर मोठ्या अक्षरांत १२० हर्ट्झ छापलंय, म्हणजे सेकंदाला १२० चित्रं, आणि पॅनल ६० हर्ट्झचं आहे. दोन-दोन ओळी एकदम चालवून, उभं रिझोल्यूशन निम्मं करून तो १२० गाठला जातो. हे मला घेण्याआधीच माहीत होतं आणि बाबांना गेम खेळायचे नाहीत म्हणून मी त्याबद्दल एक शब्द काढला नाही. मोजके पैसे असलेल्या माणसाला तांत्रिक बाबींत जावंच लागतं. त्याला चुकीचा टीव्ही घेऊन दुसरा घ्यायची सोय नसते.

मग मी वडिलांच्या आजाराबद्दल सांगितलं. सांगायला नको होतं असं आता वाटतं, पण सांगितलं. पलीकडे थोडा वेळ टायपिंगचा आवाज. मग मॅडम म्हणाल्या, "सर, टीव्ही हा समोर बसून बघायचा असतो. तुम्ही पेशंटचा पलंग हलवून घ्या ना."

मी म्हणालो, पलंग हलत नाही, जागाच नाही. त्या म्हणाल्या, "मग टीव्ही हलवा." मी म्हणालो, भिंत एकच आहे. त्यांनी विचारलं, "सर, टीव्ही केवढ्याला घेतला आपण?" मी आकडा सांगितला. तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, या बजेटमध्ये एवढ्या अपेक्षा ठेवून कसं चालेल?" मी वरिष्ठांशी बोलायचं आहे म्हणालो. "वरिष्ठही हेच सांगतील," एवढं बोलून फोन बंद.

महोदय, मी अपेक्षा काय ठेवली होती? दुकानात जो दाखवला तो घरी यावा. चार लाखांच्या टीव्हीचं चित्र मी मागितलेलं नाही. जास्त उजेड, जास्त आवाज, काही मागितलेलं नाही. जो बघितला, ज्याचे पैसे भरले, तोच मागतो आहे. या बजेटमध्ये दाखवलेला माल मिळत नाही, असं बॉक्सवर छापायची तुमची तयारी आहे का? नसेल तर ते वाक्य फोनवरही बोलू नका. ४० हजार जमवायला आम्हाला किती वेळ लागतो हे मॅडमना माहीत असण्याचं कारण नाही, पण त्या रकमेला कमी लेखायचा अधिकार त्यांना कोणी दिला?

पॅनल वेगवेगळ्या कारखान्यांतून येतात, पुरवठा बदलतो, हे मी समजू शकतो. मग मॉडेल नंबरमध्ये एक अक्षर बदला. स्टिकरवर पॅनलचा प्रकार लिहा. दुकानदाराला कळवा. यातलं काहीच केलं नाही, म्हणजे ग्राहकाला कळू नये अशीच व्यवस्था केली. पुन्हा सांगतो, नंबर तोच आणि पॅनल दुसरं. दुकानदारालासुद्धा माहीत नव्हतं. माझा व्हिडिओ बघून तोच आधी गप्प झाला.

वाईट याचं वाटतं की आमच्या घरातला पहिला रंगीत टीव्ही तुमच्याच कंपनीचा होता. बाबांनी तो भविष्य निर्वाह निधीतून उचल घेऊन आणला होता आणि तो वर्षानुवर्षं चालला. या वेळी दोन कंपन्यांमध्ये मन ठरेना तेव्हा बाबांनीच तुमचं नाव घेतलं. हे मॅडमना सांगायचं राहून गेलं. सांगून काही फरक पडला असता असं वाटत नाही.

माझी मागणी अशी: त्याच मॉडेलचा आयपीएस पॅनलचा टीव्ही बदलून द्या, बसवण्याचे आणि काढण्याचे पैसे न घेता. ते शक्य नसेल तर बिलाची पूर्ण रक्कम परत करा आणि तुमचा टीव्ही घेऊन जा. कूपन, वाढीव वॉरंटी, पुढच्या खरेदीवर सवलत यातलं काही नको. उत्तर लेखी हवं, फोनवर नको. निकाली काढलेली तक्रार पुन्हा उघडा.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवस वाट बघेन. त्यानंतर १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे नोंद करेन आणि सातारा जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार मी राहतो तिथेच दावा दाखल करता येतो. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही, वकीलही लागत नाही. वस्तूच्या दर्जाबद्दल किंवा मॉडेलबद्दल खोटं चित्र उभं करणं याला त्या कायद्यात अनुचित व्यापार प्रथा म्हटलं आहे, कलम २(४७). तुमच्या कायदा विभागाला ते पाठ असेल. पॅनलबद्दल मी भरपाई मागेन आणि आजच्या फोनबद्दल वेगळी मागेन.

फोन सुरू होताना 'हा कॉल गुणवत्तेसाठी रेकॉर्ड केला जात आहे' असं ऐकवलं होतं. ते रेकॉर्डिंग पुसू नका. आयोगापुढे मी पहिल्यांदा तेच मागणार आहे.

ग्राहक,
सातारा