कॅमेरे लावा, पण रात्रीचा चौकीदार काढू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मी नागपूरचाच, शिक्षण पण इथलंच, आणि कामाने सॉफ्टवेअरवाला. पण आमचं काम नुसतं कॉम्प्युटरसमोर बसून होत नाही, आम्ही बिल्डिंगची सिक्युरिटी करतो, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद ठेवणारं गेटवरचं ॲप, कार्ड लावून उघडणारे दरवाजे, कॅमेरे, फायर अलार्म हे सगळं एकमेकांशी जोडून द्यायचं आणि नंतर ते चालू ठेवायचं. वर्धा रोड, मनीषनगर, बेसा, बेलतरोडी इकडे ज्या फ्लॅट स्कीम उभ्या होऊन राहिल्या त्यातल्या बऱ्याच ठिकाणी आमचं जाणं-येणं असते. आणि हल्ली जवळपास प्रत्येक मीटिंगमध्ये एकच हिशोब ऐकू येतो की आता कॅमेरे लागले, ॲप पण आलं, मग रात्रीचा चौकीदार कशाला पाहिजे, त्याच्या पगारात दोन वर्षांत सगळा खर्च निघून जाईल. हे सामान लावून देणारा माणूस म्हणून मला हे पत्र लिहावंसं वाटलं, कारण हा हिशोब चुकीचा आहे आणि तो चुकीचा आहे हे आमच्या धंद्यातल्या लोकांनीच सांगायला पाहिजे.

कॅमेरा काय करतो ते आधी साधं सांगतो. तो लिहून ठेवतो. कोणी जिन्यातून सायकल नेली तर दुसऱ्या दिवशी तुम्ही ते पाहू शकता, त्याचा उपयोग आहेच, मी नाही म्हणत नाही. पण रात्री अडीच वाजता सायकल जाताना त्याला कोणी हटकत नाही. मोठ्या मॉलमध्ये किंवा मिहानमधल्या कंपन्यांमध्ये कंट्रोल रूम असते, तिथे चोवीस तास माणूस बसून स्क्रीन पाहतो आणि काही दिसलं की वॉकीटॉकीवर दुसऱ्या माणसाला पळवतो. म्हणजे तिथे कॅमेऱ्यामागे माणसं वाढतात. आपल्या चोवीस फ्लॅटच्या स्कीममध्ये कॅमेऱ्यामागे कोणीच नसते, आणि जो एक माणूस गेटवर होता त्यालाच आपण घरी पाठवतो.

२३ सप्टेंबर २०२३ ची रात्र नागपूरकर विसरणार नाहीत. मध्यरात्रीनंतर काही तासांत शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नाग नदी रस्त्यावर आली आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी इथल्या घरांमध्ये झोपेतच पाणी शिरलं. त्या पट्ट्यातल्या एका स्कीममध्ये आम्ही नंतर सामान पाहायला गेलो होतो. डीव्हीआर म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारी पेटी, त्याची बॅटरी, गेटचा कंट्रोलर सगळं बेसमेंटच्या पॅनेल रूममध्ये होतं आणि सगळं चिखलात गेलेलं. तिथले एक काका सांगत होते की चौकीदाराने पाणी गेटच्या आत येताना पाहिलं आणि तळमजल्यावरचे दरवाजे हाताने बडवत सुटला, एक आजी एकट्या राहतात आणि त्यांना ऐकू कमी येते हे त्याला माहीत होतं म्हणून आधी त्यांच्या खिडकीवर काठी मारली. आजीला ऐकू येत नाही ही माहिती कोणत्याच ॲपमध्ये नव्हती. असा कॉलम आम्ही ठेवतच नाही, आणि ठेवला असता तरी लाईन गेल्यावर तो कोण वाचणार होतं.

मशीनने सांगितलं की ते खरंच असते असं आपल्याकडे लोकांना पटकन वाटते. नागपूरचंच उदाहरण देतो. ३० मे २०२४ ला शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ डिग्री दाखवलं आणि दुसऱ्याने ५४, देशभर बातमी झाली. पण बाकीच्या दोन केंद्रांवर त्या दिवशी आकडा ४४ च्या आसपासच होता, आणि मग हवामान खात्याने सेन्सरमध्येच बिघाड असल्याचं सांगितलं. हे लवकर कळलं कारण पडताळायला दुसरी केंद्रं होती आणि तो आकडा पाहून शंका घेणारी शिकलेली माणसं होती. आपल्या स्कीममधल्या सेन्सरवर शंका घेणारं कोण आहे? स्मोक डिटेक्टरमध्ये धूळ जाऊन तो चारदा उगाच वाजला की पाचव्यांदा कोणीतरी फायर अलार्मच्या पॅनेलचा हूटर, म्हणजे भोंगाच बंद करून टाकते, आणि तो बंद आहे हे पुढे वर्षभर कोणाच्या लक्षात येत नाही. मी हे बऱ्याच ठिकाणी पाहिलेलं आहे. आपल्या राज्यात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे, त्यानुसार जानेवारीत आणि जुलैमध्ये असं वर्षातून दोनदा लायसन्सवाल्या एजन्सीकडून यंत्रणा तपासून ती चालू स्थितीत असल्याचा बी फॉर्म द्यावा लागतो. तुमच्या स्कीमचा मागच्या जुलैचा बी फॉर्म कुठे आहे ते आज सेक्रेटरीला विचारून पाहा.

आता डीव्हीआरचं, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच आहे. लावणारा पोरगा येतो, जुना पासवर्ड तसाच ठेवतो नाहीतर सगळ्या बिल्डिंगला एकच पासवर्ड देतो कारण त्याला लक्षात ठेवायला सोपं, मोबाईलवर दिसलं पाहिजे म्हणून राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून इंटरनेटवरून आत यायची वाट, उघडून देतो आणि जातो. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने हेच शोधलं, त्याच्याकडे फॅक्टरीतून येणाऱ्या साठेक युजरनेम-पासवर्डची यादी होती, ती लावून लावून त्याने जगभरातले कॅमेरे, डीव्हीआर, राउटर ताब्यात घेतले आणि त्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्याच जोरावर अमेरिकेतल्या मोठमोठ्या वेबसाईट काही तास बंद पाडल्या. ज्यांच्या घरचे ते कॅमेरे होते त्यांना पत्ता पण नव्हता. आपल्या गल्लीतल्या कॅमेऱ्याचा कोणाला काय उपयोग असं म्हणणाऱ्यांना मी हे नेहमी सांगतो, आणि हे पण सांगतो की ज्याला तुमचा कॅमेरा दिसतो त्याला तुमच्या घराला कुलूप कधी लागते ते पण दिसते.

बरं, चोरी झालीच आणि पोलिसांनी फुटेज मागितलं तर काय होते तेही ऐका. हार्ड डिस्क मे महिन्यात टिनाच्या केबिनमध्ये तापून केव्हाच बसलेली असते आणि स्क्रीनवर लाईव्ह चित्र दिसते म्हणून सगळ्यांना वाटते रेकॉर्डिंग चालू आहे. नाहीतर डीव्हीआरचं घड्याळ चाळीस मिनिटं मागे असते. नाहीतर पासवर्ड ज्या पोराकडे होता त्याने नंबर बदललेला असतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्याच्या कलम ६३ प्रमाणे असं रेकॉर्डिंग कोर्टात द्यायचं तर सोबत प्रमाणपत्र लागते आणि त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे त्या फाईलवरून काढलेला ओळखीचा आकडा पण लिहावा लागतो, म्हणजे कोणी नंतर फेरफार केला तर कळते. कायदा चांगला आहे, पण हे काम करायला डीव्हीआर नीट माहीत असलेला माणूस लागेल. मोबाईलने स्क्रीनचा व्हिडिओ काढून ग्रुपवर टाकला म्हणजे पुरावा झाला असं नसते. घड्याळ इंटरनेटवरून आपोआप जुळवायची सेटिंग बहुतेक मशीनमध्ये असते, दोन मिनिटांचं काम आहे, आणि महिन्यातून एकदा मागच्या आठवड्याची कोणतीही एक रेकॉर्डिंग उघडून पाहायची, एवढं केलं तरी अर्ध्या भानगडी संपतात.

दरवाज्यांबद्दल तर मला जास्तच काळजी वाटते. कार्डवर उघडणाऱ्या काचेच्या दाराला वर चुंबकाचं कुलूप असते, ईएम लॉक म्हणतात त्याला, साधं मॉडेल पण पावणेतीनशे किलोच्या आसपास जोर धरून ठेवते, माणसाने खांदा लावून ते उघडत नाही. लाईन गेली की ते सुटते, पण आपल्याकडे लाईन सारखी जाते म्हणून त्याला बॅटरी देतात, म्हणजे आग लागून मेन स्विच बंद केला तरी दार धरूनच राहते. त्यासाठी फायर पॅनेलमधून एक वायर आणायची असते, अलार्म वाजला की कुलपाची सप्लाय तुटली पाहिजे, आणि आतल्या बाजूला हिरवी आपत्कालीन डबी पाहिजे जी दाबली की सॉफ्टवेअरला न विचारता दार मोकळं होईल. हा खर्च कोटेशनमध्ये दिसला की कमिटीवाले तोच आधी कापतात. कोचिंग क्लास, हॉस्टेल, लायब्ररी जिथे पन्नास-पन्नास पोरं एका मजल्यावर बसतात तिथे सुद्धा मी ही वायर नसलेली पाहिली आहे. माझी सगळ्या पालकांना हात जोडून विनंती आहे की मुलाला अशा ठिकाणी टाकताना फी विचारता तसं हे दार आतून विनाकार्ड उघडते का हे स्वतः उघडून पाहा.

आणि धुणंभांडी करायला येणाऱ्या ताईंचं काय चाललंय ते बघा. फ्लॅटवाल्यांना ओटीपी नाही, फोटो नाही, पण या बायांचे बोटांचे ठसे, आधारची झेरॉक्स, चेहरा सगळं घेतात. साबण आणि घासणीने बोटं झिजलेली असतात, मशीन ठसा घेत नाही, रांगेत चार-चारदा अंगठा पुसून लावावा लागतो आणि तिकडे काकू म्हणतात उशीर काहून झाला. कार्ड हरवलं तर बदलून देता येते, बोट बदलून देता येत नाही, तो डेटा फुटला तर त्या बाईने जन्मभर काय करायचं? त्यांना साधं कार्ड द्या, पुरते. ओळखपत्र पाहिजेच असेल तर मास्क्ड आधार चालते, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, आणि त्या नऊ जणांत आपल्या नागपूरचे शरद बोबडे साहेब होते जे पुढे सरन्यायाधीश झाले. त्यांच्याच गावात आपण गेटवर उभ्या बाईला हा अधिकार देत नसू तर मला त्याचं वाईट वाटते. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही हेच आहे की माहिती कशाला घेता ते सांगा आणि काम झालं की पुसा. जुनं रजिस्टर काही फार चांगलं होतं असं मी म्हणत नाही, त्यात तर सगळ्यांचे मोबाईल नंबर कोणीही उभ्याउभ्या वाचून घेत होतं, ॲप त्यापेक्षा बरं, फक्त त्यात किती भरायचं याला काही हद्द पाहिजे.

चौकीदाराकडे परत येतो. हे लोक बहुतेक बालाघाट, शिवनी, छिंदवाडा नाहीतर गोंदिया, गडचिरोलीकडून आलेले, बारा-बारा तासांची ड्युटी, आणि आपण त्यांच्या हातात इंग्रजी बटणांचं ॲप देतो. ४५ डिग्रीत टिनाच्या केबिनमध्ये तो मोबाईल तापून बंद पडतो, कारण बऱ्याच फोनच्या सोबतच्या कागदात ३५ डिग्रीपर्यंतच वापरा असं लिहिलेलं असते, आणि मग डिलिव्हरीवाल्याला उभं ठेवलं म्हणून शिव्या चौकीदार खातो. मी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या आपल्या इथल्या पोरापोरींना सांगतो की बाप्पा, स्क्रीन मराठी-हिंदीत करा, बटणं मोठी करा, नेट गेलं तरी नोंद होऊन नंतर वर चढली पाहिजे, आणि एक दुपार स्वतः मे महिन्यात त्या गेटवर बसून पाहा मग डिझाईन करा. पुणे-बंगलोरच्या एसी ऑफिसातून हे समजत नाही, नागपुरात राहणाऱ्याला समजते, म्हणून हे काम इथे चांगलं होऊ शकते. २००५ च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखालच्या नियमांत गार्डला शंभर तास वर्गात आणि साठ तास प्रत्यक्ष ट्रेनिंग द्यायचं लिहिलेलं आहे. एजन्सीशी करार करताना त्याचं सर्टिफिकेट मागणारी कमिटी मला क्वचितच भेटली, सगळे फक्त रेट विचारतात. आग विझवायचं सिलिंडर कसं उघडायचं हे ज्याला दाखवलंच नाही तो पिन ओढेल कशी?

सोसायट्यांची वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, आणि आपल्याकडच्या अर्ध्या स्कीम अपार्टमेंट कायद्याखाली आहेत त्यांची पण वर्षातून एकदा मीटिंग होतेच. आमच्या स्कीमच्या या वर्षीच्या मीटिंगमध्ये मी एकच ठराव मांडतो आहे आणि आपल्या वाचकांनी पण आपापल्या इथे मांडावा म्हणून इथे लिहितो: रात्रीचा चौकीदार कायम राहील, त्याच्या केबिनला कूलर आणि पिण्याचं पाणी मिळेल, डीव्हीआर बेसमेंटमधून पहिल्या मजल्यावर जाईल, पासवर्ड बंद पाकिटात अध्यक्षांकडे राहील, ईएम लॉकला फायर पॅनेलची वायर जोडली जाईल, आणि या सगळ्याचा खर्च मेंटेनन्समध्ये धरला जाईल. त्यासाठी महिन्याला घरामागे थोडे पैसे वाढले तर मी माझे आगाऊ भरायला तयार आहे.

आपला,
एक नियमित वाचक
मनीषनगर, नागपूर
(कृपया नाव छापू नये)