सूचना : 30 वर्षांवरील सभासद भगिनींची आरोग्य तपासणी

मंडळाच्या सर्व सभासद भगिनींना कळविण्यात येते की, शासनाच्या असंसर्गजन्य रोग कार्यक्रमांतर्गत होणारी तपासणी 30 वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकासाठी आहे आणि कोणताही त्रास जाणवत नसतानाच ती करून घ्यावयाची असते. आशाताई वय, तंबाखूचे सेवन, कमरेचा घेर, शारीरिक हालचाल व घरातील आजार यांची नोंद करून गुण देतात. 4 पेक्षा अधिक गुण असलेल्यांना प्राधान्याने बोलावले जात असले, तरी कमी गुणांच्या भगिनींनीही यावे. रक्तदाब व साखर दरवर्षी, तर मुख, स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीची तपासणी 30 ते 65 या वयात दर 5 वर्षांनी होते.

गर्भाशयमुखाच्या तपासणीचा अनेकींना संकोच वाटतो, हे आम्ही जाणतो. तीत सौम्य ॲसिटिक ॲसिडचा बोळा लावून मिनिटभर थांबतात आणि पांढरा चट्टा उमटतो का, ते पाहतात. भूल द्यावी लागत नाही. पाळीच्या दिवसांत मात्र येऊ नये. चट्टा दिसला म्हणजे कर्करोगच, असे मुळीच नाही. परंतु पुढील तपासणीला पाठविल्यास कृपया टाळाटाळ करू नये.

स्तनात गाठ, न भरणारा तोंडातील व्रण किंवा पाळी गेल्यानंतर रक्तस्राव असल्यास तपासणीच्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.

— चिटणीस