बेइराहून जालन्याला

बेइरा, मोझांबिक
20 एप्रिल 2019, शनिवार

प्रिय बाबा, आई, दादा, वहिनी,

सप्रेम सलाम.

त्या दिवशी फोन लागला तेव्हा "जिवंत आहोत, घर उभं आहे, वर छप्पर नाही" एवढंच बोलता आलं आणि तेवढ्यावर तुम्ही महिना काढलात. आता सगळं लिहिते. दादा, पानांचे फोटो पाठवतेय, ते आईला मोठ्यानं वाचून दाखव. तिला एकटीला वाचायला बसू देऊ नकोस, रडत बसेल.

14 मार्च, गुरुवार. वादळाचं नाव इदाय. अंधार पडल्यावर वारा असा सुटला की दाराला टेबल लावलं आणि टेबलाला आम्ही दोघं पाठ लावून बसलो. आधी पत्र्याचा एक कोपरा फडफडला. मग खिळे निघायला लागले. प्रत्येक खिळ्याचा आवाज वेगळा ऐकू येत होता, अजूनही झोपेत येतो. शेजारची आठ माणसं आमच्या स्वयंपाकघरात, कारण तेवढ्याच खोलीवर स्लॅब. ह्यांनी प्रार्थना सुरू केली, पण वाऱ्यात शब्द ऐकूच येईनात, म्हणून सगळ्यांनी नुसते हात धरले. पहाटे बाहेर आलो तर नारळीची झाडं आडवी, वीज नाही, फोन नाही.

आम्हाला वाटलं, संपलं. खरा पूर नंतर आला. आतल्या डोंगराळ भागात आणि झिंबाब्वेच्या बाजूला पाऊस थांबेना, पुंग्वे आणि बुझी या दोन्ही नद्या फुगल्या आणि मधला सपाट मुलूख एकच पाणी झाला. बेइराहून आत जाणारा हमरस्ता तुटला, शहराचं बेट झालं. बाबा, पैठणला जायकवाडी भरल्यावर तुम्ही आम्हाला दाखवायला न्यायचात आणि पलीकडचा काठ दिसत नाही म्हणून मी खूश व्हायचे. इथं काठ दिसत नव्हता आणि त्या पाण्यात माणसं घरांच्या छपरांवर, झाडांवर बसलेली होती. एकट्या या देशात 600 हून जास्त माणसं गेली.

बुझी नदीकाठची माणसं मासेमारीच्या होड्यांतून किनाऱ्याला उतरायला लागली. बंदरात आपली जहाजं आली होती, नौदलाची सुजाता आणि शार्दूल, तटरक्षक दलाचं सारथी. बाहेरच्या मदतीत तीच सगळ्यांत आधी पोचली. तिरंगा बघून मी रस्त्यातच उभी राहिले. इथल्या बाया मला "इंदियाना" म्हणतात. त्या दिवशी एकीनं जहाजाकडे बोट दाखवून माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

शाळेच्या इमारतीत माणसं ठेवली होती, तिथं मला नर्स म्हणून बोलावलं. गेले तर चहूकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही. विहिरींत गटाराचं पाणी शिरलेलं. आई, तेव्हा मला तू आठवलीस. टँकर आला की पाइपाशी झुंबड, हंडे फुटायचे, आणि तू मधे उभी राहून "आधी लेकुरवाळ्या, मग म्हाताऱ्या, मग आपण" म्हणून नंबर लावायचीस. मी इथं तेच केलं. पोर्तुगीजमध्ये बादलीला बाल्द म्हणतात, पाण्याला आग्वा. एवढ्या दोन शब्दांवर आणि हाताच्या खुणांवर पहिला आठवडा काढला. पाणी ठेवून गाळ खाली बसू द्यायचा, कपुलानाच्या दुहेरी घडीतून गाळायचं (कपुलाना म्हणजे इथल्या बायकांचं लुगडंच म्हण), मग क्लोरीन घालून अर्धा तास झाकून ठेवायचं. त्या अर्ध्या तासावरूनच भांडणं. तहानलेलं लेकरू समोर रडतंय आणि मी बादलीवर हात ठेवून उभी. एका आईनं माझा हात ढकलला. मी तिला पिऊ दिलं नाही. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

पुढं 27 मार्चला कॉलरा असल्याचं जाहीर झालं तेव्हा तीच बाई दुसऱ्यांच्या बादल्यांवर हात ठेवून उभी होती. 3 एप्रिलपासून लस सुरू झाली. ही सुईची नाही, तोंडातून द्यायची. जवळपास 9 लाख डोस आले. आम्ही वस्तीवस्तीतून फिरलो. मीठ-साखरेच्या पाण्यानं डोळ्यांदेखत उठून बसलेली लेकरं बघितली. एक उठलं नाही. त्याबद्दल मला अजून लिहवत नाही.

बाबा, किल्लारीच्या भूकंपानंतर तुम्ही चर्चच्या मंडळीतर्फे तिकडं गेला होतात. परत आल्यावर रस्त्याकडेला पडलेल्या जुन्या कपड्यांच्या ढिगाबद्दल सांगायचात, आणि ज्याला पातेलं हवं त्याला कोट मिळाला म्हणून हळहळायचात. इथंही तसं एक ट्रकभर आलं. ज्यांनी पाठवलं त्यांचं मन चांगलंच होतं, पण बायांना हवे होते साबण, मच्छरदाणी, झाकणाची बादली आणि पाळीसाठी कापड. हे शेवटचं कुणी विचारलंच नव्हतं. मग ह्यांनी आणि मी वाटप दोन दिवस थांबवलं आणि चटईचटईवर जाऊन विचारलं. यादीत नाव नाही म्हणून दोन म्हाताऱ्यांना परत पाठवलं गेलं होतं, त्यांना शोधून आणलं. उशीर झाला म्हणून बोलणी बसली. तुम्ही असता तर आमच्या बाजूनं उभे राहिला असता असं मी धरून चालले.

झावळ्यांच्या रविवारी उपासना उघड्यावरच झाली. पडलेल्या नारळींच्या झावळ्या पोरांनी ओढून आणल्या, त्यांच्यापेक्षा झावळ्याच मोठ्या. गाणं सुरू झालं आणि मागच्या महिन्यात नवरा वाहून गेलेली एक बाई सगळ्यांत मोठ्यानं गायली. उद्या पुनरुत्थानाचा रविवार, ईस्टर. पत्रे अजून बसले नाहीत, ताडपत्रीखालीच करू.

दादा, तू म्हणतोस तिकडं छावणीत जनावरं बांधायची वेळ आलीय आणि टँकरही रोज येत नाही. ते वाचून इथं आंघोळीचा तांब्या घेतानाही हात थांबतो. आईला उन्हात पाण्यासाठी उभी करू नका. मी थोडे पैसे पाठवतेय, गरज पडली तर खासगी टँकर मागवा.

आणखी एक, दादा. बाहेरच्या तुरीनं भाव पाडला म्हणून तू दरवर्षी चिडतोस, आणि तुझं चुकत नाही. 2016 मध्ये भारतानं या देशाशी डाळीचा करार केला तेव्हा तू फोनवर केवढा बोलला होतास. ती तूर पिकवणारी एक बाई काल माझ्यासमोर बसली होती. मका कापणीला आलेला, तोही गेला, तूरही गेली. घर नाही. तिला एक कुदळ आणि बियाण्याची पिशवी मिळाली. ओल आहे तोवर पेरते म्हणाली आणि आजच्या होडीनं बुझीला परत गेली. जाताना तिनं विचारलं, तुमच्याकडं पेरणी कधी? मी म्हटलं, मृगात, पाऊस आला तर. तिनं "तर"चा अर्थ पुन्हा विचारला नाही.

तुमची,
बेबी