मिनिटांचे फलक लागण्याआधी : सार्वजनिक आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : तातडीच्या विभागातील प्रतीक्षाकाळ जाहीर करण्याबाबत नियम करणे

महोदय,

अमेरिकेत रस्त्याकडेच्या डिजिटल फलकांवर रुग्णालये आपल्या तातडीच्या विभागात सध्या किती मिनिटे थांबावे लागेल, याची जाहिरात करतात. आपल्याकडच्या होर्डिंगवर सहसा ‘२४ तास अपघात व तातडीची सेवा’ एवढेच लिहिलेले असते. पण खासगी रुग्णालयांतली चढाओढ पाहता मिनिटांचा आकडाही तिथे आल्याशिवाय राहणार नाही. तो येण्याआधी शासनाने नियम करावा, म्हणून हे पत्र. किती थांबावे लागते हे लोकांना कळलेच पाहिजे, पण घड्याळ कुठे सुरू करायचे आणि कुठे थांबवायचे हे रुग्णालयाच्या मर्जीवर सोडू नका.

तिकडच्या अनेक फलकांवर दिसते ती मागच्या चार तासांची सरासरी. कोणीतरी पात्र वैद्यकीय कर्मचारी रुग्णापाशी येऊन विचारपूस करून गेला की ते घड्याळ थांबते. रक्ताचे रिपोर्ट, सीटी, तज्ज्ञांना बोलावणे आणि सगळ्यात जास्त वेळ खाणारी गोष्ट, म्हणजे वॉर्डात किंवा आयसीयूत खाट मिळणे, यातले काहीच त्यात धरलेले नसते. इंग्लंडने चार तासांचे बंधन घातले: तेवढ्या वेळात रुग्ण दाखल तरी व्हावा, दुसरीकडे हलवला तरी जावा किंवा घरी तरी जावा. बंधनामागचा हेतू चांगला होता. पण घड्याळ रुग्ण आत आल्यावर सुरू होते म्हणून काही ठिकाणी रुग्णवाहिका दाराबाहेर थांबवून ठेवल्याच्या तक्रारी आल्या. चार तास भरत आले की शेवटच्या काही मिनिटांत धडाधड रुग्ण दाखल होत, हेही नोंदींतून दिसले.

आपल्याकडे हे घड्याळ सुरू होते केस पेपरवर. रुग्ण ट्रॉलीवर असतो, नातेवाईक खिडकीपुढे रांगेत असतात आणि नोंदीत वेळ पडते ती केस पेपर निघाल्याची. त्याआधीची मिनिटे कुठेच नसतात. खासगीत हेच काम डिपॉझिट आणि फाइल करतात. पुढे ‘डॉक्टरांनी पाहिले’ ही वेळ बऱ्याचदा गर्दी ओसरल्यावर आठवून लिहिली जाते. रजिस्टर उघडून मिनिटांचा शेवटचा अंक पाहावा. बहुतेक नोंदी शून्य किंवा पाचावर संपत असतील, तर त्या मागाहून भरलेल्या असाव्यात. त्यात भिंतीवरचे घड्याळ, संगणक आणि ईसीजी मशीन यांच्या वेळा जुळत नाहीत. ईसीजीच्या पट्टीवरची वेळ रुग्ण येण्याच्या आधीची निघते, आणि ‘दहा मिनिटांत ईसीजी’ हा निकष कागदावर तपासताच येत नाही. ही घड्याळे दर सोमवारी जुळवायला पैसे लागत नाहीत, फक्त ते काम कोणाचे हे ठरवून द्यावे लागते.

एकच आकडा किती फसवा असतो ते पाहा. समजा दहा रुग्ण आले. सात जणांना ५ मिनिटांत डॉक्टर भेटले, तिघांना २ तासांनी. सरासरी येते साडेएकोणचाळीस मिनिटे. मध्यक, म्हणजे सगळ्यांच्या वेळा चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, येतो ५ मिनिटे. जाहिरातीत अर्थातच ५ छापले जाईल आणि ते खोटेही नसेल. म्हणून ‘दहापैकी नऊ रुग्णांना किती मिनिटांच्या आत पाहिले’ हा आकडा सक्तीचा करा. वरच्या उदाहरणात तो १२० आहे. डॉक्टरांनी पाहण्याआधीच कंटाळून निघून गेलेल्यांची संख्याही त्याच्याशेजारी हवी, कारण ते वगळले की कोणतीही सरासरी सुधारते.

ट्रायाजशिवाय, म्हणजे रुग्ण किती गंभीर आहे हे पाहून लाल, पिवळा, हिरवा असे गट पाडल्याशिवाय, तर या आकड्याला अर्थच नाही. लाल रुग्णाला थांबवायचेच नसते, पिवळा थोडा थांबू शकतो, हिरवा बराच वेळ. तिघांचे एकत्र गणित मांडले तर ताप-खोकल्याच्या रुग्णाला फलक पाहून यावेसे वाटते आणि छातीत कळ आलेला माणूस कमी मिनिटांच्या मोहाने जवळचे रुग्णालय ओलांडून पुढे जातो. त्याच्यासाठी खरे प्रश्न वेगळे आहेत. तिथे आत्ता कॅथलॅब (अँजिओप्लास्टी करण्याची खोली) सुरू आहे का? रात्री दोन वाजता हृदयरोगतज्ज्ञ येतात का? अँजिओप्लास्टी होणार असेल तर दारात आल्यापासून ९० मिनिटांत रक्तवाहिनी उघडायला हवी. ती सोय नसेल तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन ३० मिनिटांत द्यायला हवे. गुठळीमुळे झालेल्या पक्षाघातात अशा प्रकारचे इंजेक्शन साधारणपणे लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांपर्यंतच देता येते, आणि सीटी बंद असेल तर डॉक्टर पहिल्या मिनिटाला भेटूनही उपयोग नाही.

म्हणून मोजमाप असे ठरवावे. फाटकावरच वेळ छापलेले टोकन द्यावे, केस पेपर नंतर निघू द्या. तिथून सुरू झालेले घड्याळ नोंदणीकृत डॉक्टरने तपासून पहिला उपचार लिहिला की थांबावे. इंटर्नने नाडी पाहिली म्हणजे थांबले असे नको. दुसरे घड्याळ ‘दाखल करा’ असे लिहिल्यापासून रुग्ण प्रत्यक्ष खाटेवर पोहोचेपर्यंतचे असावे.

तिसऱ्या घड्याळाचा आमचा आग्रह सगळ्यात जास्त आहे. ग्रामीण रुग्णालयातून उपजिल्हा, तिथून सिव्हिल, तिथून मेडिकल कॉलेज अशा प्रवासात रुग्णाचे घड्याळ प्रत्येक दारात पुन्हा शून्यावर येते. चारही रुग्णालयांचे आकडे उत्तम दिसतात आणि रुग्णाचे सहा तास गेलेले असतात. रेफर चिठ्ठीवर पहिल्या रुग्णालयात पोहोचल्याची वेळ ठळक छापलीच पाहिजे आणि शेवटच्या रुग्णालयाने ती आपल्या नोंदीत घेतलीच पाहिजे.

ताजी माहिती आधी कोणाला द्यायची, हेही ठरवावे लागेल. आमच्या मते १०८ च्या नियंत्रण कक्षाला. २०१४ पासून चालू असलेल्या या सेवेच्या गाडीत डॉक्टर असतात. कोणता रुग्ण कुठे न्यायचा हे त्यांना ठरवता येते, घाबरलेल्या नातेवाइकांना येत नाही. सीटी, कॅथलॅब, रिकामा व्हेंटिलेटर आणि आत्ता हजर असलेले तज्ज्ञ एवढी माहिती पुरे. कोविडच्या काळात डॅशबोर्डवर खाट रिकामी दिसायची आणि फोन केला की भरलेली असायची, कारण माहिती ठरावीक वेळीच भरली जायची. इथे नोंद पाळीच्या इन्चार्ज सिस्टरकडे असावी, प्रत्येक पाळीत आणि बदल झाला की लगेच. त्यासाठी एक जादा माणूस द्यावा लागेल. आहेत त्याच सिस्टरवर हे लादले तर नोंदी पुन्हा शून्य-पाचावर जातील. ही मागणी काही नवी नाही. पश्चिम बंगालमध्ये रेल्वेतून पडून जखमी झालेल्या मजुराला एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितले होते की जिथे खाट आहे तिथे रुग्ण थेट पाठवता यावा, अशी मध्यवर्ती संपर्क यंत्रणा उभारा.

कायद्याचा आधारही हाताशी आहे. शुश्रूषागृह (खासगी रुग्णालय) नोंदणीच्या २०२१ च्या नियमांनी दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले. त्यातच प्रतीक्षाकाळाचा ठरावीक तक्ता जोडता येईल. मात्र सरकारी रुग्णालयांत आपल्या खात्याचा आदेश जिल्हा, उपजिल्हा व ग्रामीण रुग्णालयांपुरताच चालतो. मेडिकल कॉलेजे वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहेत, मुंबईतली अनेक मोठी रुग्णालये महापालिकेकडे. शासन निर्णय एकत्रितच निघायला हवा.

पहिल्या वर्षी आकडा वाईट आला म्हणून कोणत्याही सिव्हिल सर्जनला किंवा अधिष्ठात्यांना नोटीस काढू नका. नोटीस निघाली की त्या दिवसापासून रजिस्टर सुंदर होईल, रुग्ण तिथेच राहील. कारवाई करायचीच तर खोट्या नोंदीवर करा: दर महिन्याला कोणत्याही वीस रुग्णांच्या वेळा फाटकावरच्या सीसीटीव्हीशी ताडून पाहा. आणि फलकावर मिनिटे छापणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने, त्याच आकाराच्या अक्षरांत, ‘छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळे पडणे, श्वास लागणे, मोठा रक्तस्राव : हा आकडा पाहू नका, १०८ ला फोन करा’ असे छापल्याशिवाय फलकाला परवानगी मिळू नये.

कळावे,
आपले विश्वासू,
तातडीच्या विभागांत काम करणारे डॉक्टर, परिचारिका व कर्मचारी