हँडलसकट मोज

प्रिय अन्या,

तुझा मेसेज आला तेव्हा मी टेपचं टोक शोधत होतो. ते हरवलं की नखाने सगळी गुंडाळी चाचपावी लागते, आणि नेमका तेव्हाच फोन वाजतो. "ऑनलाइन दुकान उघडलं! पहिल्याच दिवशी तीन मातीचे मग विकले गेले. पुढे मगाबरोबर छोटा चार्जिंगचा दिवाही देईन म्हणतो. सगळ्यांना एकच पोस्टेज लावलंय, चालेल ना? की फ्री शिपिंग ठेवू?"

"चालेल" लिहून मोकळा झालो असतो, पण बोट अडलं. तू दोन वर्षं चाकावर बसून मगाचा आकार ठरवलास आणि पोस्टेज दोन मिनिटांत ठरवलंस. मीही अगदी असंच केलं होतं. म्हणून हे लांबलचक पत्र. कंटाळा आला तर चहाबरोबर दोन हप्त्यांत वाच, पण चौथा मग विकण्याआधी वाच.

माझ्या कागदी लॅम्पशेडचं पहिलं प्रकरण तुला पूर्ण कधी सांगितलं नव्हतं, लाज वाटत होती. शेड हलकी, खोक्यासकट जेमतेम सातशे ग्रॅम. मी एक किलोचा दर पाहिला, तो किमतीत धरला आणि आठवड्यात पाच शेड पाठवल्या. महिनाअखेरीस कुरिअरचं बिल आलं, त्यात प्रत्येक खोक्यापुढे वजन लिहिलेलं ९.६ किलो. मला वाटलं दशांशचिन्ह चुकलंय. तावातावाने फोन केला. पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "साहेब, खोक्याचं माप काय?" चाळीस बाय चाळीस बाय तीस सेंटिमीटर. गुणाकार अठ्ठेचाळीस हजार, त्याला पाच हजाराने भाग. आलं ९.६. याला म्हणतात व्हॉल्युमेट्रिक वजन. खरं वजन आणि हे वजन, यातलं जे जास्त त्याचे पैसे. कुठे पाच हजाराने भागतात, कुठे सहा हजाराने. माझ्या शेडला सहा हजारानेही आठ किलो पडले असते. नियम करारात होता, मी वाचला नव्हता. पाच शेड विकून खिशातूनच पैसे गेले.

राग ओसरल्यावर हिशेब पटला, हेही सांगतो. विमानाचं पोट किंवा ट्रकचा हौदा बहुतेक वेळा वजनाने भरायच्या आधी जागेने भरतो. मी कागदाच्या नावाखाली हवा पाठवत होतो आणि हवेचं भाडं द्यायला नको म्हणत होतो. त्यानंतर शेडचीच रचना बदलली. आता ती घडीची आहे, पंख्यासारखी मिटते आणि बेचाळीस बाय तीस बाय पाचच्या चपट्या खोक्यात जाते. तेच वजन आता सव्वा किलोच्या आसपास धरतात. गिऱ्हाइकाला वाटतं ही घडी सौंदर्यदृष्टीतून आली. मी गप्प बसतो.

आता तुझा मग. त्याचा फोटो मी मोठा करून पाहिला. सुंदर आहे, पण ते हँडल बाहेर किती आलंय रे! मगाचा व्यास साडेआठ सेंटिमीटर असेल, तर हँडलसकट बारा. खोका मगाच्या मापाचा लागत नाही, हँडलच्या मापाचा लागतो. आणि फुटताना पहिलं तेच फुटतं. त्याच्या पोकळीत कागदाचा बोळा घट्ट कोंब, मग बाहेरून गुंडाळ; पोकळी रिकामी ठेवून वरून कितीही बबल रॅप गुंडाळलास तरी दणका थेट जोडावर बसतो. मगाच्या आतही कागद भर. बंद केलेला खोका कानाशी धरून हलव. काहीही वाजलं तर पुन्हा उघड. शेवटची परीक्षा क्रूर आहे: एक दुय्यम मग नेहमीसारखा बांध आणि कमरेच्या उंचीवरून फरशीवर टाक. बायको काय म्हणेल ते म्हणो. "फ्रॅजाइल" स्टिकरवर भिस्त ठेवू नकोस. यंत्राच्या पट्ट्यावर ते कुणी वाचत नाही.

वजनाचंही असंच. तुझा मग ३८० ग्रॅम असेल तर बांधून तो साडेसहाशेच्या पुढे जाणार. तू हिशेब नुसत्या मगाचा केलायस, हे पैजेवर सांगतो. जिथे पाचशे-पाचशे ग्रॅमचे टप्पे असतात तिथे तू पहिल्या टप्प्याचे पैसे घेतलेस आणि दुसऱ्याचे भरणार. उलट दोन मग एकत्र पाठवले आणि एकूण हजाराच्या आत बसवले, तर त्याच दुसऱ्या टप्प्यात दोन जातात. त्यासाठी हँडलं एकमेकांच्या उलट्या कोपऱ्यांत ठेवायची आणि मधे पुठ्ठ्याची एकच पट्टी. तू "जोडी" म्हणून विकावंस असं मला वाटतं ते कलेपेक्षा टप्प्यासाठी.

वजनकाटा चांगला घे, आणि वजन सगळं झाल्यावर कर. टेप, लेबल, लेबलची प्लास्टिकची पिशवी, सगळं लावून. माझी फजिती ऐक. परदेशी पत्रटपालातल्या छोट्या पाकिटाला दोन किलोची मर्यादा असते. लांबी, रुंदी आणि उंची मिळून नव्वद सेंटिमीटर, आणि कुठलीही एक बाजू साठपेक्षा जास्त नाही. मी घरी वजन केलं, १,९९० ग्रॅम. ऐटीत काउंटरवर गेलो. तिथला काटा म्हणाला २,००६. लेबल आणि वरचे दोन टेपचे वेढे मी मोजलेच नव्हते. सहा ग्रॅमसाठी पुढचा वर्ग, म्हणजे पार्सल, म्हणजे जवळपास वेगळंच पोस्टेज. मागे रांग. काउंटरमागच्या बाईंनी न बोलता कात्री पुढे सरकवली. मी खोका उघडला, आतली पुठ्ठ्याची एक झडप कापली, आभाराचं जाड कार्ड काढून खिशात टाकलं, परत चिकटवलं. १,९८१. बाई म्हणाल्या, "रोज एकजण तरी येतो असा." तेव्हापासून मी मर्यादेच्या पन्नास ग्रॅम आत राहतो.

फ्री शिपिंगबद्दल विचारलंस. फुकट काहीच जात नाही, पोस्टेज फक्त किमतीत लपतं. लपवायला हरकत नाही, पण मग दोन मग घेणारा तेच पोस्टेज दोनदा देतो आणि त्याला ते कळतं. मी देशातल्या देशात किमतीत धरतो, परदेशासाठी वेगळं दाखवतो. एकच सरसकट दर म्हणजे जवळच्या गिऱ्हाइकाने लांबच्याचं भाडं भरणं. नाकापेक्षा मोती जड झाला की माणूस कार्ट सोडून जातो, हे खरं. पण तो मोती तूच घालून बसलास तर धंदा सहा महिन्यांत आटपेल. आणि परत येणारं पार्सल हिशेबात धरायचं असतं. न घेतलेल्या पार्सलचं जाणं-येणं दोन्ही आपल्याच माथी येतं.

इथे एक जुनी गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. ब्रिटनमध्ये १८४० पूर्वी टपालाचे पैसे बहुधा पत्र घेणारा द्यायचा, आणि अंतरावर द्यायचा. लोक दारात पत्र नाकारायचे. रोलंड हिल नावाच्या माणसाने १८३७ मध्ये हिशेब मांडला की लंडनहून एडिंबरापर्यंत पत्र नुसतं वाहून न्यायचा खर्च एका पेनीच्या छत्तिसाव्या भागाइतका आहे; खरा खर्च हाताळण्यात आणि दारोदार पैसे गोळा करण्यात जातो. म्हणून पाठवणाऱ्याने आधी भरावं, अंतर न बघता, आणि त्यासाठी तिकीट. एवढं सगळं होऊन आज आपण कुठे आहोत? कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल दारातून परत येतंय. आणि परदेशात तर फारच.

परदेशाचं असं आहे की गिऱ्हाइकाने तुला पैसे दिले, पोस्टेज दिलं, आणि दारात पोस्टमन म्हणाला, "आयातकर अमुक, हाताळणी तमुक." गिऱ्हाईक म्हणतं, ठेवा तुमच्याकडेच. युरोपीय संघात २२ युरोपर्यंतच्या मालाला व्हॅट माफ असायचा, ती सूट १ जुलै २०२१ ला गेली. १५० युरोपर्यंतच्या मालावर विक्रीच्या वेळीच व्हॅट घेऊन भरता येईल अशी आयओएसएस नावाची सोय त्यांनी केली. मोठ्या बाजारपेठेच्या साइटवर विकलंस तर ती साइट ते करते, स्वतःच्या पानावरून विकलंस तर ते तुझ्यावर. मी त्या वर्षी ते न करता दोन शेड पाठवल्या. दोन्ही दीड महिन्याने परत आल्या, वर चार भाषांतले स्टिकर. स्वतःच बांधलेलं पार्सल स्वतःच उघडताना फार विचित्र वाटतं, तुला सांगतो.

अमेरिकेचं तर अजून ताजं आहे. ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला शुल्क नव्हतं, ती सूट २९ ऑगस्ट २०२५ पासून उठली. शुल्क आधीच कोण आणि कसं गोळा करणार हे टपालखात्यांना ठरवता येईना, म्हणून ८८ टपालखात्यांनी तिकडची सेवा थोडीफार किंवा पूर्ण थांबवली आणि टपालवाहतूक ८० टक्क्यांहून जास्त पडली. जागतिक टपाल संघटनेनेच हे सांगितलं. त्या आठवड्यात माझी तीन पार्सलं बांधून कपाटावर होती. मी तिघांना लिहिलं, पैसे परत की थांबता? दोघं थांबले. एकाने "हे तुमच्या देशाचं की आमच्या?" असं विचारलं, त्याला मी काय सांगणार!

ही जागतिक टपाल संघटना १८७४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्नला जन्मली. सुरुवातीला नियम असा की पोस्टेज घेणारा देश ते ठेवेल आणि पोचवणारा फुकट पोचवेल, कारण पत्राला उत्तर येतंच. पत्रांना उत्तर येतं, मगांना येत नाही. पुढे देशांनी एकमेकांना पोचवण्याचे पैसे द्यायला सुरुवात केली, पण दर देशादेशांत वेगळे, आणि त्यावरून २०१८ मध्ये अमेरिका बाहेर पडायला निघाली होती. सप्टेंबर २०१९ मध्ये जिनिव्हाला तडजोड झाली, काही देशांना आपले दर स्वतः ठरवायची मुभा मिळाली. काही जणांची हलकी पाकिटं त्यानंतर एकदम महागली, त्याचं मूळ बरंचसं यात आहे.

तुझ्या कामाचं म्हणजे सीमाशुल्काची चिठ्ठी. छोटी सीएन२२, आणि मालाची किंमत ३०० एसडीआरच्या वर गेली की मोठी सीएन२३. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. तुझ्या मगांना तिथवर जायला वेळ लागेल, रागावू नकोस. चिठ्ठीवर "गिफ्ट" किंवा "हस्तकला" लिहून भागत नाही. "भाजलेल्या मातीचा पेयाचा मग, एक नग" असं लिहायचं, आणि सहा आकडी एचएस कोड, म्हणजे मालाचा प्रकार सांगणारा जगभर चालणारा क्रमांक. पोर्सिलेन असेल तर ६९११ ने सुरू होतो, इतर भाजलेली माती असेल तर ६९१२ ने. तुझी माती कुठली ते तुला ठाऊक. हीच माहिती आता संगणकावरूनही पार्सलच्या आधी पुढे जावी लागते, म्हणून हाताने लिहिलेली चिठ्ठी बऱ्याच ठिकाणी चालत नाही.

आणि एक गिऱ्हाईक तुला नक्की भेटेल जे गोड शब्दांत लिहील, "किंमत जरा कमी दाखवाल का? भेट म्हणून लिहा ना." मला वर्षातून चार तरी भेटतात. नाही म्हण. खोटं पकडलं गेलं तर नाव तुझं, आणि मग हरवला तर भरपाई फार तर तू लिहिलेल्या किमतीएवढी. स्वतःच अर्धी लिहिलीस तर रडणार कुणापुढे?

मगाबरोबर छोटा चार्जिंगचा दिवा द्यायची तुझी कल्पना मात्र सोड. लिथियम बॅटरीला परदेशी टपालात फार जाच आहे. सुटी बॅटरी नाहीच. उपकरणात बसवलेली असेल तर पाकिटात जास्तीत जास्त चार सेल किंवा दोन बॅटऱ्या, तेही जिथलं टपालखातं ते घेत असेल तिथेच. मी शेडबरोबर असा बल्ब द्यायला निघालो होतो. आता रिकामी शेड देतो आणि बल्ब कुठला लावायचा ते कागदावर लिहून देतो.

आता तू एवढंच कर. ते विकलेले तीन मग अजून गेले नसतील तर आज रात्री एक पूर्ण बांध, लेबलसकट, काट्यावर ठेव, आणि खोका जिथे फुगलाय तिथे मोज, कोपऱ्याशी नाही. ते चार आकडे मला पाठव: लांबी, रुंदी, उंची, वजन. नुकसान किती आहे ते आपण फोनवर काढू. या तिघांना जादा पैसे मागू नकोस, ते तुझ्याच शिकवणीचं शुल्क समज. चौथ्यापासून दर बदल.

आणि मलाही एक मग हवाय. पोस्टेज मी देणार, वाद नको. हँडल जरा आत घेतलेला कर.

तुझा,
सुध्या