मान धरू नकोस, बापू

जळगाव
१४ डिसेंबर

प्रिय बापू,

काय भो, निघाला का गळ्यातला पट्टा? परवा फोनवर तुझ्या आवाजावरूनच कळत होतं की हनुवटी कॉलरवर टेकवून बसलायस. सांगायला खूप होतं, पण तोंडातून "मान हळू फिरव" एवढंच निघालं. तू म्हणालास, ते तर डॉक्टरही सांगतात. म्हणून हे पत्र. यातला मधला भाग वहिनींनी मोठ्यानं वाचायचा आणि तू जमिनीवर पडून ऐकायचं.

आधी एक गोष्ट. हाताला मुंग्या येत असतील, पकड ढिली पडली असेल, चालताना तोल जात असेल, तर पत्राची घडी घाल आणि आधी दाखवून ये. एक्स-रे बघून डॉक्टरांनी "वयाप्रमाणे आहे" म्हटल्याचं तूच सांगितलंस, म्हणून पुढं लिहितोय.

माझ्या मानेची कहाणी तुला कधी सांगितली नाही, कारण तिच्यात माझाच मूर्खपणा जास्त आहे. दोन वर्षांपूर्वी मार्चअखेरीला डाळमिलमध्ये रात्री अकरापर्यंत हिशेब चालायचे. मान लाकडासारखी झाली. दाढी करायला गेलो, तर मालिश करता करता कारागीर म्हणाला, "मोडून देऊ का?" आणि उत्तराची वाट न बघता दोन्ही बाजूंना कडाड् कडाड्. त्या क्षणी इतकं मोकळं वाटलं की वीस रुपये वर दिले. दुसऱ्या दिवशी डावीकडे बघायचं तर अख्खं धड वळवावं लागत होतं. ऐन मार्चात चार दिवस रजा. असल्या झटक्यानं मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते, हे मला नंतर कळलं. तू कुणाला मानेला हात लावू देऊ नकोस. मग मी पाठीचा पट्टा मागवला, उशा बदलल्या. घरात जो तो एकच सांगे, ताठ बसा. ताठ बसलो की दहा मिनिटांत कंबर बोलायला लागायची आणि अर्ध्या तासात मी पुन्हा होतो तिथं.

शेवटी इथल्या एका फिजिओथेरपिस्ट मुलीकडे गेलो. माझ्या लेकीच्या वयाची. तिनं मानेला हातच लावला नाही. म्हणाली, "काका, लॅपटॉप उघडा आणि रोजचं काम करा." मी एंट्र्या मारत बसलो. तेवढ्यात फोन वाजला. ती म्हणाली, "थांबा. आत्ता काय केलंत?" म्हटलं, काहीच नाही. तिनं स्वतःच्या फोनवरून मला परत रिंग दिली. यावेळी मलाही दिसलं. फोन टेबलावरच होता, हात अजून कीबोर्डवर होते, आणि माझा डावा खांदा मात्र कानाकडे निघाला होता. हनुवटी पुढं, श्वास अडकलेला.

पंचवीस वर्षं बापू! लँडलाइनच्या काळापासून रिसीव्हर खांद्यात दाबून मी तुरीचे भाव लिहून घेतोय. आता रिसीव्हर गेला, फोन स्पीकरवर असतो, पण खांदा अजून तो नसलेला रिसीव्हर धरायला रोज चाळीस वेळा वर जातो. तिनं गृहपाठ दिला: पहिल्या दोन रिंगा काहीच करायचं नाही. नुसतं बसायचं, खांदा निघाला तर बघायचं, तिसऱ्या रिंगेला उचलायचा. पोरखेळ वाटतो ना? करून बघ. पहिल्या आठवड्यात मला घाम फुटायचा, आणि शेठ काचेतून बघायचे की हा बहिरा झाला की काय.

हे काही तिच्या मनानं काढलेलं नाही. १८६९ साली टास्मानियात जन्मलेला फ्रेडरिक मथायस अलेक्झांडर नावाचा एक माणूस रंगमंचावर उतारे म्हणायचा आणि म्हणता म्हणता त्याचा आवाज बसायचा. औषधं, विश्रांती, सगळं झालं. मग त्यानं आरसे लावून स्वतःला पाहिलं. बोलायला सुरुवात करताच तो डोकं मागं आणि खाली खेचत होता. गंमत पुढं आहे. डोकं पुढं घेतोय असं त्याला वाटायचं, तेव्हाही आरशात ते मागंच जाताना दिसायचं! "ताठ बसा" का चालत नाही ते मला तिथं कळलं. ज्या जाणिवेच्या भरवशावर आपण ताठ होतो, तीच बिघडलेली असते. म्हणून त्यानं ताठ होण्याऐवजी सवयीची हालचाल आधी थांबवायची पद्धत काढली, तीच अलेक्झांडर पद्धत. माझ्या दोन रिंगा त्यातल्याच.

मी पडलो हिशेबनीस, आकडा लागतो. तोही आहे. इंग्लंडमध्ये मानेच्या जुनाट दुखण्याच्या ५१७ लोकांवर केलेला अभ्यास २०१५ साली छापून आला. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला ज्यांनी अलेक्झांडर पद्धतीचे धडे घेतले, त्यांचं दुखणं वर्षानंतर नुसते नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा कमी होतं. कमी म्हणतोय, गायब नाही. त्याच अभ्यासात ॲक्युपंक्चरचाही, म्हणजे सुया टोचण्याच्या उपचाराचाही, गुण जवळपास तेवढाच आला, हेही सांगून टाकतो.

आता एक कर. डोकं मानेवर नेमकं कुठं टेकतं, बोट ठेवून दाखव. तू मागं कॉलरपाशी ठेवशील, मीही तिथंच ठेवलं होतं. खरी जागा खूप वर आहे, दोन्ही कानांच्या मधोमध. "हो" म्हणताना डोकं हलतं ते तिथं. "नाही" म्हणताना लागतो त्याच्या लगेच खालचा सांधा, आणि मान वळते त्यातलं जवळजवळ अर्धं वळण त्या एकट्या सांध्याचं असतं. आपण मात्र खालूनच मान पिळत बसतो. डोक्याचं वजन पाच किलोच्या आसपास, आणि त्याचा भार या टेकूच्या पुढच्या बाजूला जास्त. म्हणून तर एसटीत डुलकी लागली की मान पुढं पडते. मानेमागचे स्नायू दिवसभर ही पाच किलोची डाळीची पिशवी मागून ओढून धरतात. पिशवी छातीशी धर आणि मग हात लांबवून धर, म्हणजे मोबाइल बघताना त्यांचं काय होतं ते कळेल.

वहिनी, इथून तुम्ही. प्रत्येक वाक्यानंतर दोन श्वास थांबा, घाई नको.

गोधडीवर उताणं पड. गुडघे उभे, पावलं जमिनीवर. डोक्याखाली टॉवेलची घडी, हनुवटी छताकडे उचलली जाणार नाही एवढीच. दात एकमेकांना लागलेत का? लागले असतील तर सुटू दे. आता डोकं न उचलता, टेकलेलंच, उजवीकडे घरंगळू दे. जेवढं फुकट जाईल तेवढंच. दोन बोटं गेलं तरी पुष्कळ. परत मध्ये ये. असं आठ-दहा वेळा, दरवेळी आधीपेक्षा कमी जोर. कुठं अडखळतं? तिथं ढकलू नकोस, त्याच्या अलीकडूनच परत फीर. आता थांब, नुसता पडून राहा.

आता डोकं उजवीकडे जाऊ दे, डोळे मात्र डावीकडे. गोंधळ होईल. हसू आलं तर हस. श्वास अडकला तर अजून हळू, अजून थोडं. सहा वेळा. थांब. आता डोकं आणि डोळे दोन्ही उजवीकडे. मघापेक्षा कुठवर गेलं? उजवी आणि डावी बाजू जमिनीला सारखीच टेकलीय का? मग हेच डावीकडे.

बस, वहिनी. हा झोपला असेल तर झोपू द्या.

डोळ्यांची भानगड अशी की कवटीखालचे बारके स्नायू नजरेबरोबर हलतात. दिवसभर स्क्रीनवर एकाच चौकटीत बघून मान आणि डोळे जणू एका नटबोल्टनं आवळले जातात. उलटं फिरवलं की तो बोल्ट ढिला होतो. ही रीत मोशे फेल्डेनक्रायसची (१९०४ ते १९८४). माणूस पदार्थविज्ञानातला, जुदो खेळणारा. गुडघा गेला, तेव्हा स्वतःच्याच बारीक हालचाली बघून चालायला शिकला. कमी जोर का? तर पाठीवर पन्नास किलोचं पोतं असताना वर कुणी काडेपेटी ठेवली तर कळणार नाही, रिकाम्या तळहातावर मात्र तुरीचा एक दाणाही कळतो. जोर लावून मान ताणणारा माणूस पोतं घेऊन काडेपेटी शोधत असतो.

पहिल्या दिवशी मी खुर्चीत बसून उजवीकडे वळलो, तेव्हा खिडकीची कड दिसत होती. वीस मिनिटं वरचा खेळ करून वळलो तर कॅलेंडरचा खिळा दिसला. वीतभर फरक. दुसऱ्या सकाळी पुन्हा खिडकीची कड! खूप चिडलो. टिकायला दीड-दोन महिने लागले, आणि अजूनही जीएसटीच्या तारखा आल्या की खांदा चढतोच.

माय तुला आठवते ना अमळनेरची, बोरीवरून पाणी आणणारी? आता इथंच असते माझ्याकडे. एका सकाळी मला वाटलं, डोक्यावर लोटा ठेवून चालावं म्हणजे आपोआप मान सुधारेल. तीन पावलांत लोटा ठण्णकन फरशीवर. अख्खं घर उठलं. माय बाहेर आली, "काय करी राहिना रे?" मी सांगितलं. ती काही बोलली नाही. माझ्या खांद्यावरचा पंचा ओढला, हातावर दोन वेढे देऊन चुंबळ केली, डोक्यावर ठेवली, लोटा भरून वर ठेवला आणि चालायला लागली. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई. वाटेत वळून सुनेला म्हणाली, चहात आलं टाक. लोटा जागेवर.

मी मागून बघत होतो. ती ताठ नव्हतीच, बापू. पाऊल पडलं की कंबरेतून, बरगड्यांतून, मानेतून बारीकसं काहीतरी सतत हलत होतं, कपाशी वाऱ्यावर हलते तसं. विचारलं, माय, मान धरतेस कशी? म्हणाली, "धरत नाही. धरली की पाणी सांडतं."

तेव्हापासून लॅपटॉपखाली लाकडी खोका ठेवलाय, स्क्रीन डोळ्यांसमोर आलाय, आणि दर अर्ध्या तासानं उठून मी पाण्याच्या माठापर्यंत जातो. तहान नसली तरी.

जानेवारीत ये. वांगी आलीत, शेतावर पऱ्हाटीवर भाजून भरीत करू, कळण्याच्या भाकरी माय करेल. वहिनींना आण, त्यांना हे वाचून तुझ्यावर हसता आलं की नाही ते मला त्यांच्याकडूनच ऐकायचंय. आणि यायच्या आधी फोन कर. तिसऱ्या रिंगेला उचलीन.

तुझा,
नाना