पाटीलबावांना जोड्यांतून बाहेर काढा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

सेनापती राज्यकर्ते कसे झाले, यावरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचून कालपासून डोके ठणकते आहे. क्रॉमवेल, नेपोलियन, वॉशिंग्टन यांना ऐसपैस जागा मिळाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण महादजी शिंद्यांना एक चौकट, आणि त्या चौकटीत काय, तर पेशव्यांचे जोडे! लालसोट गाळले, पाटण-मेडता गाळले, राणेखान गाळला, १८०३ साल तर पार गाळले. ज्या माणसाने पानिपतानंतर दहा वर्षांत दिल्लीत पुन्हा मराठी फौज नेली, त्याच्याबद्दल मराठी वृत्तपत्राला एवढेच सांगायचे होते?

जोड्यांची गोष्ट आम्हाला पाठ आहे. जून १७९२ मध्ये पाटीलबावा, म्हणजे महादजी, पुण्यात आले, सवाई माधवरावांच्या पायांत नवे जोडे घातले, जुने स्वतःच्या काखेत धरले आणि आमच्या वडिलांचे हेच काम होते, असे म्हणाले. गोष्ट गोड आहे, सांगायला हरकत नाही. पण सांगताना हेही सांगायला हवे, की दिल्लीच्या बादशहाने दिलेली वकील-इ-मुतलकीची, म्हणजे बादशाहीच्या सर्वोच्च कारभारीपदाची, वस्त्रे घेऊन ते आले होते. पद पेशव्यांच्या नावाचे, कारभार मात्र महादजींच्या हाती. उत्तरेतली सर्वांत जबर फौज त्यांच्या हुकमात होती आणि मोहिमांच्या खर्चाचा हिशेब नाना फडणिसांकडे तुंबलेला होता. जोडे काखेत धरणारा हा माणूस दिल्ली चालवतो, हे त्या दरबारात बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते. एवढे सगळे वगळून नुसती नम्रता उरवली, तर महादजींच्या राजकारणाचे उरते काय?

मला या जोड्यांचा इतका संताप का, तेही सांगतो. माझी हयात इतिहास शिकवण्यात गेली. काही वर्षांपूर्वी एका शालेय वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून गेलो होतो. विषय महादजी शिंदे. एकामागून एक मुले आली आणि प्रत्येकाने हावभावांसकट जोडे उचलले. नववीतली एक मुलगी मात्र राणेखानावर बोलली. पानिपतावरून निसटलेला जखमी शिलेदार, त्याच्या मागे लागलेला गिलचा, म्हणजे अफगाण स्वार, गुडघ्यावर बसलेला घाव, आणि मग पखाली वाहणारा एक भिस्ती, ज्याने त्याला आपल्या बैलावर घालून दक्षिणेत सुखरूप आणले. महादजी जन्मभर लंगडत राहिले, पण त्या भिस्त्याला विसरले नाहीत. त्याला भाऊ म्हटले, सरदारी दिली. रोहिला सरदार गुलाम कादिराने बादशहा शहाआलमचे डोळे काढले, तेव्हा १७८८ साली दिल्ली सोडवायला गेलेल्या फौजेचे नेतृत्व याच राणेखानाकडे होते. हे सगळे त्या पोरीने कागदाकडे न बघता सांगितले आणि शेवटी विचारले: ज्याने भिस्त्यातला सरदार ओळखला, त्याला आपल्यामागे फौज कोण सांभाळेल, हे का ओळखता आले नाही?

माझ्या शेजारच्या परीक्षकांनी कागदावर ‘विषयांतर’ असा शेरा मारला आणि तिचे गुण कापले. मी भांडलो. चालले नाही. पहिले बक्षीस जोड्यांना गेले. उत्तेजनार्थ प्रशस्तिपत्रकासाठी तिचे नाव पुकारले, तेव्हा ती मंडपात नव्हती. शिक्षकाच्या आयुष्यात अपमान पुष्कळ येतात, ते विसरताही येतात. हा विसरता आला नाही. आणि काल आपल्या लेखकांनीही तोच निकाल पुन्हा दिला.

वास्तविक वारसा म्हणून लिहायचे, तर त्या मुलीच्या प्रश्नावरच लिहायला हवे होते. राजपुतांशी झालेल्या लालसोटच्या लढाईच्या वेळी, १७८७ मध्ये, बादशाही फौजेतल्या पलटणी शत्रूला जाऊन मिळाल्या. पगार थकला की पलटण हातची जाते, हा धडा महादजींनी मनावर घेतला. युरोपातल्या सॅव्हॉयच्या द बॉयन या सरदाराकडून कवायती कंपू, म्हणजे युरोपियन पद्धतीच्या पलटणी, उभे केले, आग्र्याला तोफा ओतवल्या आणि पगार चुकू नये म्हणून दुआबातला मुलूखच त्याच्याकडे लावून दिला. परिणाम दिसला: १७९० मध्ये जूनमध्ये पाटणची, सप्टेंबरात मेडत्याची लढाई जिंकली. पण शिपायाचा पगार आणि शिपायाचा हुकूम, दोन्ही एकाच परक्या सरदाराच्या हातात गेले. महादजी होते तोवर तो सरदार त्यांच्या शब्दाबाहेर नव्हता. १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीला ते गेले. पोटी मुलगा नव्हता. गादीवर आला त्यांच्या भावाचा नातू, पंधरा वर्षांच्या आतबाहेरचा दौलतराव.

पुढचे लिहिताना हात जड होतो. द बॉयन मायदेशी निघून गेला, त्याच्या जागी पेराँ हा फ्रेंच सरदार आला. १७९८ मध्ये दौलतरावाचे सासरे सर्जेराव घाटगे यांनी पैशासाठी पुणे लुटले. महादजींच्या विधवांना स्वतःच्याच घराण्याविरुद्ध बंड करावे लागले. १८०३ मध्ये कंपनी सरकारने शिंद्यांच्या नोकरीतल्या युरोपियन अधिकाऱ्यांना फोडण्यासाठी जाहीरनामा काढला आणि त्यातले कित्येक खरोखरच निघून गेले. ४ सप्टेंबरला अलीगडचा किल्ला पडला, पेराँ स्वतः इंग्रजांकडे गेला, ११ तारखेला दिल्लीची लढाई हरली.

शिपाई मात्र पळाले नाहीत. २३ सप्टेंबरला असईच्या लढाईत गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत, तोफेपाशीच संगिनींनी मारले गेले. इंग्रजांची फळी पुढे सरकल्यावर मेल्यासारखे पडून राहिलेले काही जण उठले आणि त्याच तोफांनी त्यांनी पाठीमागून मारा केला. ही माणसे महादजींनी उभी केली होती. त्यांना पुढे घेऊन जाणारा कोणी उरला नव्हता, आणि ३० डिसेंबरला इंग्रजांपुढे हार मानणाऱ्या सुर्जी-अंजनगावच्या तहावर शिक्का बसला. वानवडीपासून तिथवर दहा वर्षेसुद्धा झाली नव्हती.

आपल्या लेखकांनी हाच प्रश्न बाकीच्यांनाही विचारायला हवा होता. क्रॉमवेल १६५८ मध्ये वारला आणि त्याच्या मुलाला वर्षभरसुद्धा लष्कर सांभाळता आले नाही. वॉशिंग्टनने १७८३ मध्ये सेनापतीपद स्वतःहून परत केले, मग अध्यक्षपद घेतले आणि तेही दोन मुदतींनंतर सोडले. पाकिस्तानच्या अयूबखानांनी आपणच १९६२ मध्ये केलेल्या घटनेप्रमाणे सत्ता संसदेच्या सभापतींकडे द्यायची, ती १९६९ मध्ये लष्करप्रमुखाच्या हाती दिली. लढाया कोणी किती जिंकल्या, याची यादी विश्वकोशातही मिळते. ती वाचायला आम्ही पुरवणी उघडत नाही.

मी महादजींना मानणारा माणूस आहे. त्यांच्यावर टीका झालेली मला आवडत नाही. पण त्यांच्या फौजेचे काय झाले, हे लपवून त्यांचा गौरव होत नाही. असा गौरव वाचताना माझ्यासारख्याला शरम वाटते.

जाता जाता आणखी एक. वाचकांच्या पत्रांना पूर्वी अर्धे पान असायचे, आता जाहिरातीखाली चार बोटे जागा उरली आहे. त्यात बसवायला म्हणून माझे मागचे पत्र आपण छापलेत, तेव्हा त्यातली स्तुती ठेवलीत आणि आक्षेप कापलेत. घरी लोकांनी अभिनंदन केले आणि मला मान खाली घालावी लागली. या वेळी जागा नसेल तर पत्र छापू नका. छापणार असाल, तर जोड्यांचा परिच्छेद खुशाल गाळा. राणेखानाचा आणि त्या मुलीचा मात्र जसाच्या तसा राहू द्या.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक